नमुना आमचा, तर हिशेबही आमच्यापुढे हवा



उसाची गाडी काट्यावरून उतरली की वजनाची पावती हातात पडल्याशिवाय आपल्यातला कोणी घरी जात नाही. पावतीत चूक असली तर गट ऑफिसला चार हेलपाटे घालतो, पण दुरुस्त करून आणतो. उतारा किती पडला, पोती किती झाली, मळी कोणत्या भावाने गेली, हे वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहून विचारतो, आणि उत्तर गोलमोल आले तर माईक सोडत नाही. भागभांडवल आपले, ऊस आपला, म्हणून हिशेबही आपल्यापुढे झाला पाहिजे, हे आता शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही.

पण गावात तपासणीची गाडी येते, बायामाणसांचे रक्त घेते, तोंड उघडून पाहते, वहीत नाव-वय-जात-धंदा लिहून घेते, कागदावर सही किंवा अंगठा घेते आणि धुरळा उडवीत निघून जाते. तेव्हा आपण पावती मागतो काय? त्या रक्तातून काय निघाले, कोणी काय शिकले, गावाला त्याचे काय मिळाले, हे कोणत्या सभेत विचारतो? बहुधा नाहीच. कर्करोगावरच्या संशोधनात गावाची जागा कोणती, या प्रश्नावर सभासदांनी विचार करावा म्हणून हा लेख लिहीत आहोत.

लिहिणारे आम्ही काही डॉक्टर नव्हेत. आम्ही नोकरीधंद्यापायी पनवेलजवळ कामोठ्यात स्थायिक झालेले सभासद. शेअर आमच्या नावावर आहेत, ऊस गावाकडे भाऊबंद बघतात. कामोठ्यात एमजीएमचे मेडिकल कॉलेज व हॉस्पिटल आहे, आणि महामार्ग ओलांडला की खारघरला टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही मोठी संस्था. परळची कॅन्सर संशोधन संस्था २००२ साली तिथे आली. त्यामुळे गावाकडून पेशंट निघाला की पहिला फोन आम्हांला येतो. कोणाला खोली बघून द्यायची, कोणाला केसपेपर काढून द्यायचा, कोणाच्या डब्याची सोय लावायची. विजेचे शेक घ्यायचे तर पाच-सहा आठवडे मुक्काम पडतो. ऊस बांधणीला आलेला असतो, दूधवाला थांबलेला असतो, आणि इथे नवरा-बायको दहा बाय दहाच्या खोलीत दिवस मोजत बसतात.

इतक्या वर्षांत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आपल्या भागातून येणारा पेशंट बहुतेक वेळा उशिराच येतो. बाईच्या अंगावरून जात असते, वर्ष-दीड वर्ष ती कोणाला सांगत नाही. गड्याच्या गालात पांढरा चट्टा असतो, तो तंबाखू दुसऱ्या गालात धरतो. डॉक्टर म्हणतात, सहा महिने आधी यायचे होते. आधी यायचे म्हणजे कधी, कुणी सांगायचे, कुठे तपासायचे? या प्रश्नाचे उत्तर खारघरच्या प्रयोगशाळेत एकट्याने सापडत नाही. ते गावात शोधावे लागते, आणि गावाला बरोबर घेतल्याशिवाय सापडत नाही.

हे आमच्या मनचे नाही. आपल्याच महाराष्ट्रात ते सिद्ध झाले आहे, आणि शेतकरी कुटुंबांनीच सिद्ध करून दिले आहे. ही हकीकत सभासदांना माहीत असावी म्हणून थोडी विस्ताराने देतो.

पुणे जिल्ह्यातील खेड्यांमध्ये १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासून तंबाखूच्या सवयी आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध पाहणारा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. लाखावर खेडुतांनी आ करून दाखवला, आपली सवय खरी सांगितली, तेव्हा कुठे तंबाखूवर बोट ठेवण्याला आधार मिळाला. पुढे १९८७ साली बार्शीला ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम हे तीन तालुके त्यात घेतले. खेड्यापाड्यातल्या लोकसंख्येची अशी ही देशातली पहिली नोंदणी. त्याआधी खेड्यात कर्करोग किती आहे याची शहरातल्या दवाखान्यावरून अटकळच बांधावी लागे, कारण जो दवाखान्यात पोचलाच नाही त्याचा आकडा कुठून यायचा?

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या लोकांनी इथे एक शहाणपण केले. पेशंट येईल तेव्हा नोंदू, अशी वाट बघत ते बसले नाहीत. डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत यांच्यासारख्या मंडळींनी कार्यकर्ते गावोगाव पाठवले. त्यांनी सरपंच, शिक्षक, जाणती माणसे गाठली, लक्षणे काय असतात ते लोकांना समजावून सांगितले, आणि अमक्या घरात अमकीला त्रास आहे ही माहिती गावाकडूनच त्यांना मिळू लागली. हा सरळ देवाणघेवाणीचा व्यवहार होता. त्याचा उतारा काय पडला? गर्भाशयमुखाच्या, म्हणजे आपल्या बोलीत पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा अलीकडच्या पायरीवर, बरे होण्याजोग्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. हा निष्कर्ष १९९५ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. त्याला नवे यंत्र लागले नव्हते. बोलणे आणि विश्वास एवढेच भांडवल होते.

त्याच पायावर १९९९ साली मोठे काम उभे राहिले. तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. ४९७ गावे, आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा आणि फ्रान्समधील लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून हे काम केले. या कॅन्सरच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. तो अंगात टिकून राहिला तर कॅन्सर व्हायला बरीच वर्षे लागतात. म्हणजे मध्ये पकडायला वेळ मिळतो. पकडायचा कसा, हे ठरवायचे होते. एका गटात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे पातळ आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे. चौथ्या गटाला नेहमीची व्यवस्था. आठ वर्षे पाठपुरावा झाला. विषाणू तपासणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यांच्यात या कॅन्सरने ३४ गेल्या. चौथ्या गटात ३१,४८८ होत्या, त्यांच्यात ६४ गेल्या. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बाकीच्या दोन पद्धतींनी एका फेरीत मृत्यू घटल्याचे स्पष्ट दिसले नाही. हे सारे २००९ साली अमेरिकेतील नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आले आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचले.

याच काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांवर दुसरा अभ्यास चालला होता. तिथे व्हिनेगरची तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली. तपासणाऱ्या कोण, तर किमान दहावी शिकलेल्या बायका, चार आठवड्यांचे शिक्षण देऊन तयार केलेल्या. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ साली जाहीर झाले. आपल्या लेकीसुनांतल्या दहावी झालेल्या पोरी हे काम करू शकतात, याहून मोठा पुरावा काय पाहिजे?

इथवर वाचून कोणी म्हणेल, छान झाले, मग तक्रार कसली? तक्रार नव्हे, पण हिशेब आहे. ज्या चौथ्या गटाच्या मृत्यूंवरून इतरांचे जीव वाचल्याचे मोजले, त्या गटातल्या बायका आपल्यासारख्याच घरांतल्या होत्या. त्यांना तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, यावर जाणकारांत पुढे कडाक्याचा वाद झाला. एक पक्ष म्हणतो, तपासणीचा उपयोग जगाला आधीच ठाऊक होता. दुसरा म्हणतो, खेड्यात तशीही तपासणी नव्हती, आणि कोणती पद्धत इथे चालेल हे तुलना केल्याशिवाय कळले नसते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण वाद झाला तो विद्वानांमध्ये. गट पाडण्याआधी हा प्रश्न गावच्या बायकांपुढे मांडून, 'बाई, तुझं काय म्हणणं?' असे विचारायला हवे होते, असे आम्हांस वाटते.

गावाला डावलले की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे आहे. एचपीव्हीची लस मुलींना देण्याचा प्रकल्प २००९ साली तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात सुरू झाला. काही मुलींच्या मृत्यूनंतर गदारोळ उठला व एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवले. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध जोडता आला नाही. पण संमतीचा कारभार उघडा पडला. अनेक ठिकाणी आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने किंवा हेडमास्तरांनी सह्या ठोकल्या होत्या. २०१३ साली संसदेच्या समितीने यावर कडक ताशेरे मारले. लस चांगली असूनही, आईबापाला न विचारल्यामुळे संशय पेरला गेला, आणि तो निघायला फार वर्षे लागली.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. त्याच सुमारास आपल्याकडे बार्शी व पुणे धरून देशात नऊ ठिकाणी याच लसीचा वेगळा अभ्यास चालू होता. तीन टोचण्या लागतात की दोन पुरतात, एवढे पाहायचे होते. सरकारचा थांबण्याचा हुकूम आला आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच टोचणी मिळून राहिली. अभ्यास तिथेच बुडाला असता. पण त्या मुलींची कुटुंबे दहा वर्षे दार उघडत राहिली. मुली मोठ्या झाल्या, लग्ने होऊन सासरी गेल्या, तरी पाठपुरावा चालू राहिला. निघाले असे की एका टोचणीनेही चांगले संरक्षण मिळते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही चालेल असे सांगितले, त्याच्या आधारांत हा आपला अभ्यास होता. तीनऐवजी एक टोचणी म्हणजे गरीब देशांतल्या किती मुलींची सोय झाली! हे श्रेय डॉक्टरांचे आहेच, पण बार्शीकडच्या त्या आईबापांचेही आहे. त्यांचे नाव कोणत्या अहवालात नाही.

काही शहाणे म्हणतील, शास्त्रातले खेडुतांना काय कळते? त्यांना आपण प्रवरेची आठवण द्यावी. १९५०-५१ साली प्रवरानगरचा पहिला गळीत हंगाम झाला, त्याआधी शेतकरी साखर कारखाना चालवणार या कल्पनेला हसणारे थोडे नव्हते. तिथे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष होते आणि शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील त्यांच्या जोडीला. तज्ज्ञाने शास्त्र आणले, शेतकऱ्याने गावे जोडली. दोघे एका बाकावर बसले म्हणून कारखाना उभा राहिला. कर्करोगाच्या संशोधनात असाच बाक का असू नये?

आम्ही राहतो त्या कामोठ्याची मातीही हेच सांगते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पनवेल-उरणकडच्या गावांच्या भातजमिनी, मिठागरे नव्या मुंबईसाठी संपादन झाली. कामोठे त्यांतलेच. जमीन देताना वाटा ठरला नव्हता. तो मागायला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोकांना रस्त्यावर उतरावे लागले. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले, आणि मग साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व मान्य झाले. धडा साधा आहे. देण्याचा व्यवहार असेल तर वाटा पहिल्या बैठकीत ठरवावा. नंतर मागायला गेले तर फार महाग पडते. जमिनीला जे लागू, तेच रक्ताच्या नमुन्याला आणि घरच्या माहितीला लागू.

आणखी एक विषय आहे, तो टाळून चालणार नाही. आपला ऊस तोडायला जी कोयत्याची जोडपी येतात, त्यांतल्या बायकांचे काय? २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पोटात दुखते, अंगावरून जाते म्हणून बाई दवाखान्यात गेली, की 'कॅन्सर होईल' असे भय घालून थेट ऑपरेशन, अशा तक्रारी तेव्हा बाहेर आल्या. खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून बाईही तयार होते, उचल घेऊन बिल भागवते. एका साध्या तपासणीने कॅन्सर आहे की नाही हे कळले असते. ती तपासणी कशी करावी हे शेजारच्याच जिल्ह्यात दहा वर्षे आधी सिद्ध झाले होते. ज्ञान जगाला गेले आणि फडातल्या बाईपर्यंत आले नाही. ती सभासद नाही, तिला सभेत माईक नाही. पण आपली मोळी तिच्या डोक्यावरून गाडीत चढते. तिला सोडून केलेली भागीदारी लंगडी राहील.

तेव्हा करायचे काय? आमच्या सूचना अशा.

१) गावात कर्करोगाची पाहणी अगर संशोधन करायला कोणीही येवो, आधी ग्रामसभेत येऊन मराठीत सांगावे: काय शोधायचे आहे, पैसा कोणाचा, किती वर्षे, कोणाला काय धोका. गट पाडणार असाल तर कोणत्या गटाला काय मिळणार नाही, हेही सांगावे.

२) संमतीच्या कागदाची प्रत घरी ठेवायला मिळावी. हीच आपली काट्याची पावती. 'नाही' म्हणणाऱ्याचे उपचार अडू नयेत.

३) तपासणीत काही निघाले तर पुढचे उपचार कुठे, कोणाच्या खर्चाने, हे पहिल्या दिवशी लेखी ठरावे. रोग दाखवून माणूस वाऱ्यावर सोडणे हे संशोधन नव्हे.

४) संस्थेच्या नैतिकता समितीत डॉक्टरांखेरीज सामान्य माणूसही असावा, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. लोकांचा सहभाग घेण्याविषयीही त्यांत स्पष्ट लिहिले आहे. ती जागा कागदावर भरलेली न राहता आपल्या भागातल्या जाणत्या बाईमाणसाने भरावी.

५) काम संपल्यावर निष्कर्ष ग्रामसभेत वाचावेत. इंग्रजी मासिकात छापून आले म्हणजे आम्हांला कळले, असे धरू नये.

हे झाले मागणे. देण्याचीही तयारी हवी, नाहीतर भागीदारी कसली? पाहणीत विचारले तर मिशरी, तंबाखू, गुटखा, दारू खरे सांगावे. घरात लाज वाटते म्हणून खोटे सांगितले तर सगळा हिशेबच चुकतो. लेक सासरी गेली तरी तिचा पत्ता द्यावा. ३० वर्षांवरील माणसांची तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी उपकेंद्र-आरोग्य केंद्रातून करण्याचा कार्यक्रम आहे. आधी तिथे तरी आपल्या घरच्या बायांना पाठवावे. 'तिला काय झालंय, चांगली कामं करतीय की,' असे म्हणणारे नवरे अजून आहेत. रोग दिसत नाही तेव्हाच तपासायचे असते, हे उस्मानाबादच्या आकड्यांनी दाखवले आहे.

आपल्या कारखान्याला आम्ही एवढेच सुचवतो की येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक ठराव घ्यावा. सभासदांची आरोग्य समिती नेमावी, निम्म्या जागा बायकांना द्याव्यात, आणि ऊसतोड टोळ्यांतील किमान दोन बायका तीत घ्याव्यात. समितीने बार्शीच्या रुग्णालयाशी व खारघरच्या केंद्राशी पत्रव्यवहार करावा: आमच्या कार्यक्षेत्रात काम करायचे तर या, आम्ही गावे जोडून देतो, पण वरच्या पाच अटींवर. हंगाम सुरू होताना टोळ्यांच्या तळावर तपासणी ठेवावी; तो दिवस खाडा धरू नये, एवढे मुकादमांना बजावावे. आपल्याकडे ऊसनोंदीचे रजिस्टर आहे, गटवार माणसे आहेत, चिटबॉय प्रत्येक फडावर जातो. एवढी तयार यंत्रणा कोणत्या संशोधन संस्थेजवळ असेल?

ठरावाला सूचक म्हणून आमची नावे घालावीत. अनुमोदक सभासदांतून यावा, तोही शक्यतो एखादी भगिनी असावी. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी आपापल्या गट ऑफिसात लेखी द्यावे, पुढील अंकात त्याला जागा मिळावी अशी संपादकांना विनंती आहे. आणि गावाकडून खारघरला कोणी येणार असेल तर आधी कळवावे. कामोठ्यात खोलीची व्यवस्था आम्ही बघू.

जय सहकार.